पाच किलो आठशे

१ डिसेंबर

या घरात माझ्या हातानं केलेल्या वस्तू, आज सकाळी खोलीखोलीत फिरून मोजल्या त्या: जेवणाचं टेबल, सहा पायांचं, कारण मधले दोन पाय नसते तर फळी पाच वर्षांत झुकली असती. पुस्तकांचं कपाट, सातखणी. मुलीचं अभ्यासाचं टेबल. ती शिकायला बाहेर गेल्यापासून रिकामं. चपलांची मांडणी. हिची लोकरीची पेटी, बिजागऱ्यांसकट. बिजागऱ्या पितळेच्या, त्याही मीच कापल्या. जिन्याचा कठडा. टपालाची पेटी. शिडी. भिंतीवरच्या घड्याळाची चौकट. आतलं यंत्र विकतचं, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. मागच्या खोलीतलं लाकूड कातायचं लेथ. मोटर जुन्या कपडे धुण्याच्या यंत्राची, बाकी सगळं माझं. आणि ही वही. कागद कापून, शिवून, वर पुठ्ठा चढवून. एकूण अकरा.

यादी करण्याचं कारण साडू. काल तो आणि ताई जेवायला आले होते. कपाटाला रेलून त्यानं विचारलं, "वा, कुठून घेतलंत?" हा प्रश्न त्यानं याच कपाटाबद्दल तिसऱ्यांदा विचारला. मी सांगितलं, मीच केलंय. तर हसून म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही एकदा सगळं लिहून काढा बघू, म्हणजे मी पुन्हा विचारणार नाही." ही इतकी हसली की हातातली वाटी खाली ठेवावी लागली. माझ्या कुठल्या विनोदावर तिनं वाटी खाली ठेवल्याचं मला आठवत नाही.

साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. इंजिनियर. पदवी चौकटीत घालून बैठकीत लावलेली आहे. चौकट विकतची, कोपरे नीट जुळलेले नाहीत. निवृत्त झाला तरी लोक साहेब म्हणतात. मला बाजारात काटेवाला म्हणतात, कारण मी वजनकाटे दुरुस्त करतो. नववीत शाळा सुटली, पुढचं सगळं पुस्तकं उघडून आणि यंत्रं उघडून शिकलो. ते कमी नाही हे मला माहीत आहे. तोही मला मिस्त्री म्हणतो. त्याच्या तोंडून ते कसं येतं, कौतुकानं की वरून, हे चोवीस वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

आणखी एक. वस्तीतलं बालकेंद्र वर्षअखेरीच्या सुट्टीआधी गरजू बाळांना भेटी देतं. प्रत्येक बाळाची दोन कार्डं: एक गरजेच्या वस्तूचं, एक खेळण्याचं. बाळाचं नाव नसतं, फक्त क्रमांक. दोघी बहिणींनी मिळून बाळ क्रमांक सतराची दोन्ही कार्डं उचलली. कपड्यांचं साडूकडे, खेळण्याचं आमच्याकडे. म्हणजे उपयोगाचं त्याला आणि मला खुळखुळे. कोणी वाटणी केली विचारलं, तर ही म्हणाली, "अहो, आमचं असंच ठरलं." आमचं म्हणजे कोणाचं, ते मी विचारलं नाही.

३ डिसेंबर

कार्ड नीट वाचलं. जसंच्या तसं उतरवतो: "बाळ क्र. १७. मुलगी. वय अकरा महिने. वजन ५ किलो ८००. कपडे तीन ते सहा महिन्यांच्या मापाचे. खेळणं हलकं, हाताला पेलेल असं. भेटी २२ तारखेपर्यंत केंद्रात द्याव्यात."

हे चूक आहे. अकरा महिन्यांची मुलगी साडेआठ किलोच्या आसपास असते. थोडी हाडकुळी असली तर साडेसात. पाच आठशे कुठून आलं? उत्तर एकच: केंद्रातला काटा कमी दाखवतोय. आतला सेन्सर थकला की असं होतं, आणि लोक वर्षानुवर्षं आकड्यावर विश्वास ठेवून बसतात. पस्तीस वर्षं मी हेच बघत आलो. मिठाईच्या दुकानात, भंगारात, टपालात, सगळीकडे. आणि त्या चुकीच्या वजनावरून कोणीतरी कपड्यांचं मापही लिहून टाकलं.

पेन्सिलीनं कार्डावर दुरुस्ती केली. ५.८०० च्या जागी अंदाजे ८.३००. कपडे बारा महिन्यांचे. हिला सांगितलं, ताईंना फोन करून कळव, नाहीतर साडू बावळटासारखा भावलीचे कपडे घेऊन येईल. तिनं कार्ड बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फोन केला. माझ्या आकड्यावर ती शंका घेत नाही. तेवढं एक आहे.

खेळणं म्हणून पांगुळगाडा करणार. तीन चाकं, धरायला आडवा दांडा, अकरा महिन्यांच्या मुलीच्या छातीशी येईल असा. म्हणजे जमिनीपासून बेचाळीस सेंटिमीटर. मूल चालायला शिकेल. बघू, कोण उपयोगाचं देतं ते.

५ डिसेंबर

चाकं कातून झाली. तिन्हींच्या व्यासात अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही.

ही फोनवर अर्धा तास. "हो दाजी, नाही दाजी, तुम्ही पण ना दाजी." मी चाकाला पॉलिश पेपर मारत होतो, दार उघडं होतं. दोनदा दार लावायला उठलो आणि दोन्ही वेळा तसाच बसलो, कारण मग ऐकू आलं नसतं.

कार्डाच्या मागच्या बाजूला एक ओळ आहे, ती आज दिसली: हातानं केलेली वस्तू केंद्राच्या संमतीशिवाय स्वीकारली जाणार नाही. ठीक आहे. पांगुळगाडा समोर ठेवला की संमती आपोआप मिळेल.

७ डिसेंबर

आज चौघं एकत्र बसलो होतो, दुपारी. साडूनं पिशवी उघडली. तीन झबली, दोन विजारी, एक टोपी, लोकरीचे मोजे. सगळं सहा महिन्यांच्या आतलं. एक झबलं माझ्या तळहाताहून थोडंसंच मोठं.

मी म्हटलं, निरोप मिळाला नाही का? कार्डावरचं वजन चूक आहे. काट्यांबद्दल मला कळतं.

साडू म्हणाला, काट्यांबद्दल तुम्हालाच कळतं, पण कार्ड बरोबर असणार. हे बाळ वेळेआधी झालेलं असेल. कपडे ढगळ झाले तर थंडी आत शिरते, आणि अशा बाळांना थंडी सोसत नाही.

हे सगळं त्यानं झबल्याची घडी घालता घालता सांगितलं. घडीही व्यवस्थित, बाह्या आत, मग मधोमध. ताई उठून आत गेल्या, पाणी आणते म्हणाल्या. पाण्याचा जग टेबलावर भरलेला होता.

मला राग आला. मी म्हटलं, बाळं वाढवली मी. एक तरी वाढवलं. ज्यानं कधी लंगोट बदलला नाही त्यानं मला मापं शिकवू नयेत.

साडूनं पिशवीचे बंद बांधले. ही माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिच्या बहिणीच्या घरातलं काहीतरी फोडलं. त्या दोघांना मूलबाळ नाही हे मला माहीत आहे आणि मी ते बोलायला नको होतं, हेही मान्य. पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय त्याची आहे, माझी नाही.

जाताना दारात साडू म्हणाला, "काटा तपासून बघा ना एकदा, मिस्त्री. तुमच्यासारखा माणूस तिथं गेलेला बरा."

बघतोच.

८ डिसेंबर

केंद्रात फोन केला. तिथल्या मुख्य बाईंना सांगितलं, तुमचा काटा जवळजवळ अडीच किलो कमी दाखवतो, माझी खात्री आहे. बाई घाबरल्याच. त्या काट्यावर साठ बाळांचं दूध आणि औषध ठरतं, असं म्हणाल्या. परवा सकाळी या.

ही दिवसभर गप्प आहे. विचारलं, तर म्हणाली डोकं दुखतंय.

९ डिसेंबर

पांगुळगाडा पूर्ण. वजन एक किलो सहाशे चाळीस. दांड्याची उंची बेचाळीस. ढकलला की सरळ रेषेत जातो, फरशीवर खडूची रेघ मारून बघितलं.

१० डिसेंबर

आज जे घडलं ते क्रमानं लिहितो.

नऊ वाजता केंद्रात पोहोचलो. आत शिरल्यावर डाव्या हाताला एक लांब खोली, भिंतीशी बाकं, बाकांवर आया. कोपऱ्यात काटा, वर बाळाला ठेवायचं वाकवलेलं पांढरं पात्र. बाईंना मी सगळं समजावून सांगितलं, जरा मोठ्यानंच. बाकांवरच्या बायकाही ऐकत होत्या. मग वजनांची पेटी उघडली. शून्य तपासलं. पाच किलो ठेवले: ५.०००. दोन किलो: २.०००. चार कोपऱ्यांत एकेक करून ठेवले, मधोमध ठेवले, काढून पुन्हा ठेवले. शंभर ग्रॅम ठेवले: ०.१००. काट्यात काडीचाही दोष नव्हता. बाजारात असा नीट ठेवलेला काटा मी दहा वर्षांत पाहिला नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाई शांतपणे म्हणाल्या, बरं झालं, आमचीही खात्री झाली. मला वाटलं, त्यांनी हसावं तरी.

मी पेटी आवरायला लागलो तेवढ्यात एक तरुण बाई आली, अंगावर साफसफाईच्या कामाचा निळा कोट, एका हातात रबरी मोजा तसाच. तिनं छातीशी बांधलेली मुलगी सोडवून काट्यावर ठेवली. बाईंनी नोंदवहीत बोट ठेवलं, ते मी वाचलं: सतरा.

मुलीचं डोकं मोठं वाटत होतं, कारण बाकी सगळं लहान होतं. पाय दुमडलेले. ती उभी राहणं दूर, नीट बसतही नव्हती. पात्राच्या काठाला तिनं पाठ टेकली होती. काट्यावर ५.९१०. आईनं विचारलं, "वाढलं?" बाई म्हणाल्या, "एकशे दहा." आईनं तोच मोजा घातलेला हात तोंडावर धरला आणि खांदे हलवत हसली. आयुष्यभर मी लोकांना वजनं सांगत आलोय. एकशे दहा ग्रॅमवर कोणी असं हसलेलं मी बघितलं नव्हतं.

माझी शंभर ग्रॅमची वजनं काट्याशेजारी होती. मुलीनं हात लांबवून एक पकडलं. उचलता येईना, नुसतं सरकवलं. मी ते काढून पन्नास ग्रॅमचं तिच्यापुढे धरलं, सुटू नये म्हणून मीही हात लावून. ते तिनं इंचभर उचललं आणि हात खाली पडला. बाई रागावल्या, "तोंडात जाईल ते, काय करताय?" मी पटकन खिशात घातलं.

चालत घरी आलो. वाटेत आठवलं की पेटीचं कुलूप तिथंच राहिलं. परत गेलो नाही.

११ डिसेंबर

कार्डावरची पेन्सिल खोडली. खूण राहिली आहे, उजेडात तिरकं धरलं की दिसते.

पांगुळगाडा शिडीमागे ठेवला.

१२ डिसेंबर

हिला सांगावंच लागलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "दाजींना फोन करा. माफी मागा."

मी म्हटलं, काट्याबद्दल मी चुकलो, मान्य. पण त्याला कळलं तो योगायोग. त्याला बाळांचं काय कळतं?

तिनं विणकाम मांडीवर ठेवलं. म्हणाली, "त्यांना मुलगी झाली होती. आठव्या महिन्यातच. नऊ दिवस होती. दाजी रोज दवाखान्यात कपडे घेऊन जायचे आणि रोज मोठे व्हायचे म्हणून परत आणायचे. शेवटी ताईनं रुमाल कापून झबलं शिवलं."

आमच्या लग्नाच्या चार वर्षं आधीची गोष्ट. घरात सगळ्यांना माहीत. हिच्या आईला, भावाला, मामीला, सगळ्यांना. मला चोवीस वर्षं कोणी सांगितलं नाही.

मनात पहिलं काय आलं, तेही लिहितो. ती मुलगी नाही, रुमाल नाही, ताई नाहीत. या सगळ्यांकडे एक बंद खोली आहे आणि तिथं तो बसतो, माझी बायको बसते, आणि मला दाराबाहेर ठेवलंय, हे आलं. ही वही खोटं लिहायला शिवलेली नाही, म्हणून लिहितो. हिला विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "ताईनं कोणालाही सांगू नकोस म्हटलं होतं. आणि तुम्ही कधी त्यांच्याबद्दल काही विचारलं नाहीत. नुसतं मोजत होतात."

फोन केला नाही.

१४ डिसेंबर

कार्डावर सुरुवातीपासून लिहिलेलं होतं: हलकं, हाताला पेलेल असं. खेळणं म्हणजे खुळखुळाच हवा. पण तीस ग्रॅमच्या आत. आणि आत दाणे, मणी, गोट्या काही नको. फुटला तर घशात जाईल. डिंकाचा जोड नको, रंग नको, कारण सगळं तोंडात जाणार.

म्हणून ठरवलं: लाकडाचा एकच तुकडा. लेथवर त्यातूनच दांडा, दांड्यावर तीन सैल कड्या, आणि दोन्ही टोकांना कडीहून आणि बाळाच्या तोंडाहून मोठ्या चकत्या. कड्या बाहेरून घातलेल्या नाहीत, जागच्या जागी मोकळ्या कापलेल्या. हलवलं की एकमेकींवर आपटून वाजतील, आणि कधीच निघणार नाहीत, कारण त्या कधी घातल्याच नव्हत्या. पांगुळगाड्याचा दांडा कोरड्या, बारीक रेषेच्या लाकडाचा होता. तो काढून घेतला.

पहिली कडी मोकळी होता होता फुटली.

१५ डिसेंबर

दुसरा. दोन कड्या निघाल्या, तिसरी तुटली. तिसरा तुकडा पातळ झाला, दांडाच मोडला. हिनं चहा दारात ठेवला आणि बराच वेळ उभी राहिली. तिला बघायचं होतं की काय, कोण जाणे. मी मशीन थांबवलं नाही.

१७ डिसेंबर

पाचवा जमला. सगळ्यात मोठी चकती पंचेचाळीस मिलिमीटर. वजन एकोणतीस ग्रॅम. हलवला तर वाळलेल्या शेंगांसारखा आवाज येतो. जेवताना टेबलावर ठेवला. हिनं उचलला, हलवला, पुन्हा हलवला. मग म्हणाली, "दाजींना दाखवूया?"

मी पाच वेळा कातला, त्यातले तीन दिवस ती दारात उभी होती, आणि पहिला शब्द काय, तर दाजी.

१८ डिसेंबर

केंद्रात गेलो. बाईंनी खुळखुळा हातात घेतला, ओढला, पिळला, तोंडाजवळ नेला. आवडला त्यांना, ते दिसत होतं. पण नियम सांगितला: हातानं केलेली वस्तू असेल, तर पदवीधर इंजिनियरनं तपासून, सहीनिशी दाखला द्यायला हवा. मागं एकदा कोणीतरी दिलेल्या गाडीचं चाक एका मुलाच्या घशात अडकलं होतं. मूल वाचलं, नियम झाला.

मी म्हटलं, माझ्या सहीवर बाजारातला प्रत्येक काटा चालतो. त्या म्हणाल्या, मला माहीत आहे, पण फॉर्ममध्ये पदवी विचारतात. २२ तारखेच्या आत आणा, नाहीतर मी सतरासाठी आमच्या पेटीतली एखादी कापडी बाहुली टाकते.

बाहेर पायऱ्यांवर बसून राहिलो. मला माहीत असलेला पदवीधर इंजिनियर जगात एकच.

बाहुली काय वाईट, असंही वाटून गेलं. खुळखुळा माझ्या खिशात होता. चालताना वाजत होता.

१९ डिसेंबर

गेलो. हिला सोबत नेलं नाही.

दार साडूनं उघडलं. ताई झोपल्या होत्या. मी उभ्यानंच सांगितलं: काटा बरोबर होता, कपडे बरोबर होते, मी त्या दिवशी जे बोललो ते बोलायला नको होतं. मग फॉर्म पुढे केला. माझ्या कामावर तुमची सही लागते. हे वाक्य म्हणायला किती वेळ लागला, ते त्याच्या भिंतीवरच्या घड्याळात बघितलं नाही, पण बराच लागला.

तो काही लागेल असं बोलला नाही, ही त्याची चांगली गोष्ट; आणि त्याचाच मला राग आला. त्यानं चष्मा घातला, खुळखुळा दिव्याखाली धरला आणि एकेक कडी फिरवत बसला. कापलेली जागा शोधत होता. सापडणार नव्हती. शेवटी म्हणाला, "कड्या आत घातल्या कशा?" मी म्हटलं, घातल्या नाहीत. त्यानं परत बघितलं आणि मग चष्मा काढला. "मिस्त्री," म्हणाला, आणि पुढे काही म्हणालाच नाही.

मला वाटलं, आता सही करेल. तर म्हणाला, दोन दिवस ठेवून जा. अशी सही मी करत नाही, तपासल्याशिवाय.

रिकाम्या खिशानं परत आलो. स्वतःचं मूल परीक्षेला बसवून आल्यासारखं वाटत होतं, आणि परीक्षक तो.

२१ डिसेंबर

आज साडू सकाळीच आला, खुळखुळा आणि चार पानांचा अहवाल घेऊन. मी शब्दन् शब्द वाचला. छातीएवढ्या उंचीवरून दगडी फरशीवर वीस वेळा पाडला. आठ तास पाण्यात ठेवला, वाळवून पुन्हा पाडला. कड्यांना हुक लावून दहा किलोपर्यंत ताण दिला. हुक कसा लावला त्याची आकृती. कुसं निघतात का, ते कापसानं पुसून बघितलं. वजन कोरडं असताना एकोणतीस, भिजल्यावर छत्तीस, वाळल्यावर पुन्हा एकोणतीस. एक जागा त्याला खडबडीत वाटली, तिला लाल पेननं गोल केलं होतं.

ती जागा खरोखर खडबडीत होती. माझ्या बोटाला लागली नव्हती. त्याच्यासमोरच घासून काढली.

शेवटच्या ओळीत लिहिलं आहे: "या वस्तूत निकामी होण्यासारखा एकही भाग आढळला नाही. बनवणाऱ्याचं कौशल्य खाली सही करणाऱ्याच्या कुवतीबाहेरचं आहे." खाली सही, पदवी, वर्ष.

ही ओळ फॉर्ममध्ये मागितलेली नव्हती. मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, अहवालात खरं लिहायचं असतं.

ही माझ्या मागे उभी राहून वाचत होती. तिचा हात माझ्या खांद्यावर होता, हे नंतर लक्षात आलं. तेव्हा मी त्याच्या अक्षराकडे बघत होतो. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

२२ डिसेंबर

दिला. पावती घेतली. कपडे आणि खुळखुळा एकाच पिशवीत गेले, वर सतरा आकडा. माझं कुलूपही बाईंनी जपून ठेवलं होतं.

२६ डिसेंबर

बाईंचा फोन आला होता, हिनं घेतला. कपडे अगदी मापात बसले, असं मुलीच्या आईनं सांगितलं म्हणे, टोपीसुद्धा. ही तीनदा सांगत होती, दाजींचं माप कसं अचूक. आणि खुळखुळ्याचं? त्याबद्दल आईनं एवढंच सांगितलं की आवाज फार येतो, शेजारी ओरडतात, पण हातातून काढला की ती रडते.

म्हणजे मापाचं कौतुक त्याला आणि तक्रार मला. मी हे हिला म्हटलं तर ती हसायला लागली आणि हातातलं ताट खाली ठेवलं.

२८ डिसेंबर

ही आणि ताई बाजारात गेल्या होत्या. साडू एकटाच आला, मागच्या दारानं, थेट माझ्या कामाच्या खोलीत. तो इथं कधी येत नाही. स्टुलावर बसला, लेथच्या मोटरकडे बघितलं, कशाची आहे ते विचारलं. मी सांगितलं. मग बराच वेळ तो भुसा बोटानं एका जागी गोळा करत राहिला.

म्हणाला, "आणखी एक कराल का तसा? घरी ठेवायला."

कोणासाठी, असं माझ्या ओठावर आलं होतं. आलं होतं, बाहेर पडलं नाही. मी म्हटलं, करीन की. एकोणतीस ग्रॅमचाच?

तो मान खाली घालून म्हणाला, "त्याहून हलका जमेल का? एवढासा हात होता." आणि बोटांनी दाखवलं. मी जवळच्या पट्टीनं ते अंतर मोजलं नाही. पहिल्यांदाच.

मी म्हटलं, पंधरा ग्रॅमपर्यंत जाईन. त्याखाली लाकूड टिकणार नाही.

त्यानं खिशातून पाकीट काढून लेथवर ठेवलं. म्हणाला, हे नुसते लाकडाचे नाहीत मिस्त्री, कामाचे आहेत, कामाचे पैसे घ्यावेत. मी पाकीट उघडून आत बघितलं, कारण काय नाकारतोय ते माहीत असावं. मग परत दिलं. तो पुन्हा ठेवू लागला, मी पुन्हा दिलं. दोनदा असं झालं, आणि दुसऱ्यांदा तो थोडा चिडलासुद्धा.

का घेतले नाहीत, ते लिहून ठेवतो. त्याच्या घरात जे आहे ते सगळं त्यानं विकत घेतलेलं आहे. पैसे घेतले असते तर हेही त्याचं झालं असतं. आता ते माझं राहील, त्याच्या घरात, ताईंच्या उशाशी, आणि तो रोज ते बघेल आणि ते कुठून घेतलं, हे त्याला कधी विचारावं लागणार नाही. एवढं तरी मला मिळायला हवं. हिला यातलं काही सांगणार नाही. दाजींनीही सांगू नये, असं मी त्याला म्हटलं, आणि तो हो म्हणाला. म्हणजे एक गोष्ट अशी झाली, जी फक्त त्याला आणि मला माहीत आहे.

पाकिटात पाच हजार होते.